शनिवारच्या गाण्यांआधी

देवा पांडुरंगा,

आज शनिवार. चार वाजता आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत खुर्च्या गोल मांडल्या जातील, कुणीतरी चहाचा थर्मास आणेल, मोबाइलला स्पीकर जोडला जाईल आणि ज्याची पाळी असेल तो १९६० ते १९६९ या दहा वर्षांतलं आपल्या आवडीचं एक गाणं लावेल. गाणं झालं की त्याची आठवण सांगायची. नियम एवढाच. निघण्याआधी तुझ्यापुढे बसले आहे. आज गुडघ्यांचं गाऱ्हाणं नाही, नातवाच्या परीक्षेचं साकडं नाही. मागायचं आहे ते गाण्यांपुरतं. पण हात पसरण्याआधी ते जोडावेत, अशी आमच्या आईची शिकवण.

म्हणून आधी आभार, तेही आभाळाचे. जमिनीपासून शंभर किलोमीटरच्याही वर, सूर्याच्या अतिनील किरणांनी हवेचे कण विद्युतभारित होऊन त्यांचे थर बनतात, हे मला पुढे भावाच्या विज्ञानाच्या पुस्तकात कळलं. रेडिओच्या लघुलहरी त्या थरांवर आदळून पुन्हा जमिनीकडे वळतात, म्हणून तर सिलोनचा आवाज समुद्र आणि सगळा दक्षिण हिंदुस्थान ओलांडून कराडच्या आमच्या आळीत उतरायचा. थर हलला की गाणं लांब जायचं, घरघरायचं, ऐन कडव्यात बुडायचं आणि तुझ्या मनात आलं की पुन्हा वर यायचं. तू हे थर काही सिनेमाच्या गाण्यांसाठी घातले नसशील. तरी त्यांचा तो उपयोग झाला, आणि तू तो होऊ दिलास.

आभार त्या गाण्यांच्या उलट्या प्रवासाचेही. १९५२ साली आकाशवाणीवर सिनेसंगीताची जागा आक्रसली. खात्याचे मंत्री आपलेच मराठी, बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. लोकांच्या कानांना अभिजात संगीताचं वळण लागावं, ही त्यांची कळकळ. हेतूत खोट नव्हती, पण लोकांनी रेडिओचा काटा फिरवून सिलोनवर नेला. त्याच वर्षी तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली. अमीन सयानी मुंबईत बोलायचे, त्यांच्या आवाजाची फीत विमानानं कोलंबोला जायची आणि बुधवारी रात्री आठ वाजता तिथून निघालेला आवाज परत आमच्याकडे यायचा. १९५७ साली विविध भारती आली आणि गाणी घरच्या केंद्रावरही मुबलक झाली. तरी बुधवार तो बुधवारच राहिला. कोणतं गाणं कितव्या पायदानावर चढलं, यावरून शाळेत गुरुवारी अबोले धरले जायचे.

देवा, ज्यांनी खिडकी उघडी ठेवली त्यांनाही तू विसरू नकोस. आमच्या आळीत रेडिओ एकाच घरी होता. त्याचा परवाना दर वर्षी पोस्टातून काढून आणावा लागे, त्याचे पैसे पडत. ज्यांनी ते भरले त्यांनी आवाज घरातच ठेवला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण बुधवारी आठच्या ठोक्याला त्या घरातल्या काकू रस्त्याकडची खिडकी सताड उघडायच्या आणि रेडिओ उचलून खिडकीच्या फळीवर ठेवायच्या. आम्ही समोरच्या ओट्यावर. पोरी एका बाजूला, पोरं दुसऱ्या बाजूला, आणि कामावरून येणारे दोनचार जण सायकल टेकवून उभे. कुणी कुणाला बोलावलेलं नसे. काकूंनी या गोष्टीचा कधी उच्चार केला नाही आणि आम्हीही कधी आभार मानले नाहीत. त्या गेल्याला फार वर्षं झाली. त्यांच्या खात्यावर पुण्य मांडताना ही खिडकी धरली आहेस ना, एवढं बघ.

आणि श्रीनिवास खळ्यांसाठी तुला नमस्कार. राजा बढ्यांचं महाराष्ट्रगीत शाहीर साबळ्यांच्या पहाडी आवाजात ऐकताना अंगावर काटा येई. नवं राज्य झालं होतं, १९६० साल होतं. आणि त्याच खळेकाकांनी पुढच्या दोनतीन वर्षांत मंगेश पाडगावकरांच्या 'शुक्रतारा'ला अशी चाल दिली की शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात माणसं प्रेम कबूल करायला शिकली. गाणारे अरुण दाते इंदूरचे, गिरणीच्या कापडाचं शिक्षण घेतलेले, उर्दू गझलांत रमलेले. सोबत सुधा मल्होत्रा. एकाच माणसाच्या पेटीतून डफावरची ललकारीही निघते आणि ही कुजबुजही, हे मला अजून उलगडलेलं नाही. उलगडू नकोस. काही गोष्टी तुझ्याकडेच राहिलेल्या बऱ्या.

१९६५ साली तुला कुठे नेऊन बसवलं होतं, आठवतं का? भालजी पेंढारकरांच्या 'साधी माणसं'मध्ये लोहाराच्या ऐरणीलाच देव म्हणून आळवलं आहे. शब्द जगदीश खेबुडकरांचे, आवाज लताबाईंचा आणि संगीतकार म्हणून नाव 'आनंदघन', म्हणजे पडद्याआड पुन्हा लताबाईच. ते गाणं आमच्याकडे आलं तेव्हा आमच्या मागच्या गल्लीतला लोहार भट्टीपुढे बसून ते गुणगुणायचा. त्याला सूर नव्हता. घणाच्या ठोक्यात तो बरोबर सम गाठायचा. देवळात त्याच्या बायकोला मी पाहिलं आहे, त्याला फारसं नाही. तुझं नाव त्याच्या तोंडी आलं ते त्या सिनेमातून, आणि ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. भजनाच्या पट्टीत न बसणाऱ्यांसाठी तू गाण्याची एक वाट ठेवलीस, त्याबद्दलही हात जोडते.

आता एका रात्रीबद्दल. ११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचार वाजून गेल्यावर कोयनेच्या खोऱ्यात जमीन हादरली. कोयनानगरात घर म्हणावं असं घर उरलं नाही, दीडशेहून अधिक माणसं गेली. आमच्याकडे भिंती तडकल्या, कौलं निखळली, आणि मागून धक्के येतच राहिले. कुणी आत निजायला धजेना. थंडीच्या दिवसांत सगळी आळी मैदानात, गोधड्या, घोंगड्या, गोणपाटं जे मिळेल ते पांघरून. त्या दिवसांत तुझ्याशी कुणी फार बोलत नव्हतं, हेही तुला माहीत आहे. एका मास्तरांचा ट्रान्झिस्टर होता. तो बांबूला टांगलेला असायचा, बातम्यांसाठी. बातम्या संपल्या की मास्तर तो बंद करायचे. अशा वेळी गाणी लावणं त्यांना बरं वाटत नसावं. एका रात्री मात्र त्यांनी तो चालू राहू दिला. 'मिलन'मधलं श्रावणाचं ते द्वंद्वगीत लागलं, मुकेश आणि लताबाईंचं, ज्यात नावाडी शिकल्यासवरल्या मुलीचा उच्चार सुधारत राहतो. त्या वर्षी गीतमालेत तेच सगळ्यांत वर होतं. नावाड्यानं तिला टोकलं आणि अंधारात एक म्हातारी खुदकन हसली. मग दुसरी. मग आमची आई. भूकंपानंतर ऐकलेलं आईचं ते पहिलं हसू. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. लक्ष्मीकांत-प्यारेलालांच्या या चालीवर तज्ज्ञ काय म्हणतात मला ठाऊक नाही. माझ्यापुरतं ते गाणं पंचांगात लिहून ठेवावं असं आहे.

हे सगळं मी शनिवारी सांगते आणि लोक ऐकतात. तुझ्याकडे यायचं खरं कारण इथून पुढे आहे.

आमच्या गोल खुर्च्यांत बसलेल्या कुणाचंही साठचं दशक माझ्यासारखं नाही. वरळीच्या चाळीत वाढलेले एक दादा आहेत. त्यांच्या कानात त्या वर्षांतलं पहिलं गाणं वामनदादा कर्डकांचं. सिन्नरच्या देशवंडीचा हा माणूस गावोगाव फिरून बाबासाहेबांची गाणी गात होता, आणि चौदा एप्रिलला चाळीच्या चौकात रात्रभर ती गाणी चालायची, असं दादा सांगतात. धर्मांतराला चारच वर्षं झाली होती. ते म्हणतात, "बुधवारच्या पायदानांत आमचं गाणं कधी आलं नाही, पण आम्हाला अख्खं पाठ असायचं." लालबागचे एक गिरणी कामगार आहेत. त्यांच्यासाठी हे दशक दोन आवाजांनी संपतं: १९६९ च्या जुलैत अण्णा भाऊ साठे गेले आणि ऑगस्टात शाहीर अमर शेख. त्यांच्या पाळीला डफ वाजतो आणि ते स्वतः उठून उभे राहतात. पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ 'मत्स्यगंधा' आणि 'कट्यार काळजात घुसली' यांच्या पलीकडे जातच नाहीत. मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींनी १९६४ आणि १९६७ साली रंगभूमीला जे दिलं त्यापुढे बाकी सगळा गलबला, हे त्यांचं ठाम मत. पुण्याच्या एक ताई आहेत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि मुठेचं पाणी त्यांच्या वाड्यात शिरलं. फोनो आणि रेकॉर्डची पेटी त्यात गेली. तिच्यात कोणत्या रेकॉर्डी होत्या ते त्या अजून ओळीनं सांगतात, आणि आपल्या पाळीला त्यातलीच पुढची लावतात. वांद्र्याचे अंकल मूळचे म्हापशाचे. त्यांची साठची वर्षं म्हणजे चर्चच्या सभागृहातला शनिवारचा नाच, क्लिफ रिचर्ड, मग बीटल्स. पहिल्यांदा त्यांनी बीटल्स लावले तेव्हा नाट्यगीतवाल्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

पांडुरंगा, माझं पहिलं मागणं हेच आहे. आठवण सांगताना माणूस तिचा मालक होऊन बसतो. "ते दिवस" म्हणतो तेव्हा आपल्याच ओट्यावरचे दिवस त्याला सगळ्या महाराष्ट्राचे वाटतात. तसं मला होऊ देऊ नकोस. आमच्या खिडकीतून येणारं गाणं जितकं खरं होतं तितकाच वरळीच्या चौकातला तो आवाजही खरा होता, फक्त तो माझ्यापर्यंत पोचला नाही. आता साठ वर्षांनी पोचतो आहे. ऐकायला कान शाबूत ठेव. श्रवणयंत्राची बॅटरी मी बदलेन, बाकीचं तू बघ.

दुसरं मागणं अंकलनी सुचवलेलं. त्यांचे काका सिनेमाच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचे. त्यांच्यासारखे कितीतरी गोवेकर रोज गाडी पकडून ताडदेवला, महालक्ष्मीला, अंधेरीला स्टुडिओत जायचे. संगीतकार चाल गुणगुणायचा. ती वेगवेगळ्या वाद्यांत वाटून, स्वरलिपीत उतरवून कागद समोर ठेवायचा तो अरेंजर. शंकर-जयकिशनकडे हे काम सेबास्टियन डिसोझांनी केलं. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांकडे प्यारेलालजी व्हायोलिन शिकले. रेकॉर्डच्या कागदावर गायक, संगीतकार, गीतकार असत. ही नावं नसत, आणि पन्नास व्हायोलिनांमधला तिसऱ्या रांगेतला माणूस तर नसेच. गाण्याच्या दोन कडव्यांमधली ती जागा ऐकताना आमचा जीव वरखाली होतो, ती त्यांनी वाजवलेली. त्यांना तुझ्याकडे पहिल्या रांगेत बसव. आम्ही त्यांची नावं शोधतो आहोत, सापडतील तेवढी शनिवारी मोठ्यानं वाचतो.

तिसरं मागणं अवघड आहे. आम्हाला खोटं गोड बोलू देऊ नकोस. गाणी गोड होती म्हणून काळ गोड होता असं नव्हे. १९६२ ला एक लढाई, १९६५ ला दुसरी. पावसानं दगा दिलेली वर्षं, रेशनच्या रांगा, शास्त्रीजींनी सोमवारची रात्र उपाशी काढायला सांगितलेली आणि आम्ही ती काढलेली. आमच्या घरात मुलीनं सिनेमाचं गाणं गुणगुणलं तर आजी ताट सरकवून उठायची. माझ्या वर्गातल्या एका हुशार मुलीचा गळा गोड होता. ती शाळेच्या संमेलनात एकदा गायली आणि पुढच्या वर्षी तिचं लग्न होऊन गेलं. गाण्याचं पुढे काय झालं, कुणी विचारलं नाही. हे सगळं त्याच दहा वर्षांतलं आहे. नातवंडांना "आमच्या वेळी" म्हणून सांगायला बसलो की ही अर्धी बाजू आपोआप गळते. ती गळू लागली की माझ्या जिभेला चिमटा घे. आणि नातवानं त्याचं गाणं ऐकवलं तर "यात काय आहे" हे वाक्य ओठांवर येण्याआधी मला आठवू दे की आमच्या बुधवारबद्दल वडीलधारी हेच म्हणत होती, आणि खुद्द मंत्रीही.

चौथं मागणं, जे गळत चालले आहेत त्यांच्यासाठी. आमच्यातल्या एकांना आता मुलाचं नाव आठवत नाही. बायको त्यांना हाताला धरून घेऊन येते. 'सूरज'मधलं रफीसाहेबांचं बहारांचं गाणं लागलं की मात्र त्यांच्या बोटांना ताल सापडतो आणि शब्द एकेक करून ओठांवर येतात. बाकी सारं पुसतो आहेस, ते तुझ्या हातात. गाणं शेवटी पुसायला घे. त्या बाईला तेवढाच आधार आहे. तीन मिनिटांपुरता का होईना, नवरा परत येतो.

आता शेवटचं, आणि आजच्या दिवसाचं.

आज पाळी आहे ती भिंतीजवळच्या खुर्चीवर बसणाऱ्या बाईंची. त्या येतात, ऐकतात, चहाच्या कपबशा आवरतात. आजवर त्यांनी एकही गाणं लावलेलं नाही. पाळी आली की "पुढच्या वेळी" म्हणतात. त्यांचा थोरला भाऊ १९६२ च्या लढाईतून परतला नाही, हे मला अलीकडेच दुसऱ्या कुणाकडून कळलं. त्याच्या पुढच्या जानेवारीत, २७ तारखेला, दिल्लीत पंडितजींसमोर लताबाई गायल्या. कवी प्रदीपांचे शब्द, आणि चाल आपल्या तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांची, म्हणजे सी. रामचंद्रांची. आमच्या खोलीत ते गाणं दर वर्षी सव्वीस जानेवारीच्या आठवड्यात लागतं. सगळे ताठ बसतात, कुणी डोळे पुसतं, आणि त्या नेमक्या तेव्हा कपबशा धुवायला बाहेर जातात. आम्हाला वाटायचं, कामाची सवय.

देवा, एकच गाणं एकाला उभं करतं आणि दुसऱ्याला खोलीबाहेर घालवतं, हे तू आम्हाला जरा उशिरा दाखवलंस. आज त्या गाणं निवडतील का, मला सांगता येत नाही. निवडलं तर ते भावाच्या आठवणीचंच असावं, अशी अपेक्षा माझ्या मनात येऊ देऊ नकोस. कदाचित त्यांना शम्मी कपूरचं एखादं धांगडधिंग्याचं गाणं लावायचं असेल, आणि इतकी वर्षं सगळ्यांनी त्यांच्याकडे गंभीर चेहऱ्यानं पाहिल्यामुळे ते जमलं नसेल. तसं असेल तर आम्हाला टाळ्या वाजवायची बुद्धी दे, आणि वांद्र्याच्या अंकलच्या गुडघ्यांना नाचण्यापुरती ताकद. गाणं झाल्यावर त्या बोलल्या तर मधेच "हो हो, आमच्याकडेही अगदी तस्संच" म्हणून माझी आठवण घुसडण्यापासून मला आवर. त्या बोलल्या नाहीत तर नियम दाखवायला कुणाला उठू देऊ नकोस. आणि त्यांनी आजही "पुढच्या वेळी" म्हटलं तर पुढचा शनिवार आहेच, तेवढं आयुष्य त्यांना आणि आम्हाला दे.

त्यांच्यानंतर पाळी माझी आहे. मी काय लावणार ते ठरवून ठेवलं आहे, आणि वेळ उरला तर ते लावायला मिळावं, एवढा स्वार्थ मात्र माझ्यात राहू दे.